आमदार-खासदाराकडून सार्वजनिक काम करून घ्यायचंय? कसं ते सविस्तर

आपल्याकडे आमदाराच्या ऑफिसात माणूस जातो ते एकतर लग्नाची पत्रिका द्यायला, नाहीतर बदली, अ‍ॅडमिशन, पोलीस स्टेशन असल्या स्वतःच्या कामाला. गावाचं किंवा एरियाचं काम घेऊन जाणारे फार कमी आणि जे जातात ते बहुतेक वेळा हार, शाल आणि एक मोघम निवेदन देऊन फोटो काढून परत येतात. मग सहा महिन्यांनी 'काही उपयोग नाही हो, सगळे सारखेच' हे ठरलेलं वाक्य. माझं मत विचाराल तर बऱ्याचदा निम्मा दोष मागणाऱ्यांचा असतो, कारण समोरच्याच्या हातात नेमकं काय आहे हेच माहीत नसतं. ज्याच्या हातात जे आहे तेवढंच मागायचं, ते त्याला आयतं तयार करून द्यायचं, आणि वेळ साधायची. हा सगळा लेख याच्यावरच आहे.

एक उदाहरण धरून चालू म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. समजा तुमच्या तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही. त्यामुळे सिझेरियनची वेळ आली की बाईला रात्री-अपरात्री अ‍ॅम्ब्युलन्समधे घालून जिल्ह्याला पाठवतात. सगळ्यांना माहितीये, सगळे वैतागलेत, पण करायचं काय?

आधी हे काम कुणाचं ते बघा

दवाखाना राज्य सरकारचा, डॉक्टरची नेमणूक आरोग्य विभागाची, म्हणजे हे आमदाराचं काम. खासदाराकडे जाऊन उपयोग नाही, तो फार तर जिल्ह्याच्या एखाद्या बैठकीत विषय काढेल. उलट रेल्वेचा थांबा, पोस्ट ऑफिस, राष्ट्रीय महामार्ग, पासपोर्ट ही कामं खासदाराची, तिथे आमदाराला पत्र देऊन तुम्ही फक्त एक कागद वाढवता. गटार, कचरा, गल्लीतला दिवा हे नगरसेवकाचं किंवा ग्रामपंचायतीचं. रस्त्याचं सगळ्यात जास्त घोळाचं असतं, कारण एकाच गावातून जाणारे तीन रस्ते तीन खात्यांचे असू शकतात, राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारण पीडब्ल्यूडीकडे, ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, हायवे केंद्राकडे. म्हणून रस्त्याचं निवेदन लिहायच्या आधी बांधकाम खात्याच्या सब-डिव्हिजनला जाऊन रस्त्याचा नंबर विचारून घ्या, तो नंबर निवेदनात असला की साहेब आणि साहेबांचे पीए दोघंही तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.

आणि तुमचा आमदार एकच असतो असं समजू नका. विधानसभेत 288 आहेत, त्यातला तुमचा एक, पण विधानपरिषदेत आणखी 78 आहेत. पदवीधरांचे 7, शिक्षकांचे 7, स्थानिक स्वराज्य संस्थांमधून येणारे 22, विधानसभेचे आमदार निवडून देतात ते 30 आणि राज्यपालनियुक्त 12. तुम्ही ग्रॅज्युएट असाल आणि नाव नोंदवलं असेल तर पदवीधरचा आमदारही तुमचाच (ही नोंदणी दर निवडणुकीला नव्याने करावी लागते, हे ऐनवेळी कळून लोक चुकचुकतात). परिषदेतल्या लोकांना स्वतःचा असा छोटा मतदारसंघ सांभाळायचा नसतो त्यामुळे एखादा विषय अभ्यासून सभागृहात मांडायला ते बऱ्याचदा जास्त मोकळे असतात.

आता त्याच्या हातात काय आहे ते

इथेच गाडी चुकते. आमदार डॉक्टर नेमू शकत नाही. तो पैसे मंजूर करत नाही, तो कामं सुचवतो. आमदार निधी सध्या वर्षाला 5 कोटी आहे, खासदाराचाही 5 कोटी, पण दोन्हीत लोकप्रतिनिधी फक्त काम सुचवतो आणि मान्यता जिल्हाधिकारी पातळीवरून मिळते. शिवाय हा निधी टिकाऊ कामांसाठी असतो, पगारासाठी नाही. म्हणजे 'साहेब, तुमच्या फंडातून डॉक्टर द्या' हे वाक्य बोललात की तुमची फाईल तिथेच संपली, साहेब हसून 'बघतो' म्हणणार. पण त्याच फंडातून दवाखान्याला अ‍ॅम्ब्युलन्स किंवा उपकरणं देता येतात का, हे विचारता येतं.

फंड सोडून त्याच्याकडे बाकी चार गोष्टी असतात आणि त्या फंडापेक्षा भारी आहेत. एक म्हणजे त्याचं पत्र. दुसरं, मंत्र्याला आणि सचिवाला थेट भेटण्याची सोय, तुम्ही आम्ही पास काढून दुपारनंतर मंत्रालयात आत जाणार, तो सरळ दालनात जातो. तिसरं, जिल्हा नियोजन समिती, पालकमंत्री तिचा अध्यक्ष असतो आणि जिल्ह्याचा मोठा पैसा तिथून वाटला जातो. आणि चौथं म्हणजे विधानसभेत प्रश्न विचारायचा हक्क, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. ग्रामीण भागातल्या लोकांनी 25-15 हा शब्दही कानावर ठेवावा, ग्रामविकास खात्याचं लेखाशीर्ष (बजेटमधला खर्चाचा कप्पा) आहे ते, गावातले अंतर्गत रस्ते, सभामंडप असली कामं त्यातून आमदारांच्या शिफारशीने बसतात.

कागद गोळा करा, भावना नंतर

'दवाखान्यात डॉक्टर नाही' ही तक्रार झाली. 'भूलतज्ज्ञाचं मंजूर पद अमुक तारखेपासून रिक्त आहे आणि मागच्या वर्षी इतक्या गरोदर बायका पुढे पाठवल्या' ही माहिती झाली. आमदाराला दुसरी लागते, कारण तीच तो सभागृहात वाचू शकतो.

ती मिळते माहिती अधिकारात. जिल्हा रुग्णालयाच्या किंवा त्या उपजिल्हा रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, झालं. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो त्यामुळे त्यात दवाखान्याचं छप्पर, पार्किंग, कॅन्टीन सगळं कोंबू नका. 'डॉक्टर का नेमला नाही?' असंही विचारू नका, 'का' ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, जे रेकॉर्डवर आहे तेच देतात. विचारायचं असं:

मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती आणि कोणत्या तारखेपासून. रिक्त पदाबद्दल वरिष्ठांना पाठवलेल्या पत्रांच्या प्रती. मागच्या आर्थिक वर्षात प्रसूतीसाठी किती रुग्ण दुसरीकडे पाठवले त्याची महिनावार संख्या.

यातला मधला मुद्दा सोन्याचा आहे. बऱ्याचदा दवाखान्याच्या डॉक्टरनी स्वतःच वर दहा पत्रं पाठवलेली असतात आणि ती वर कुठेतरी पडून असतात. ती पत्रं हातात आली की तुमचं भांडण खालच्या डॉक्टरशी राहत नाही, तोच आतून तुम्हाला मदत करायला लागतो. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, ते पुढच्या 30 दिवसांत करायचं. सरळ आहे, घाबरू नका.

माणसं कोण कोण

दोन हजार सह्यांचा गठ्ठा बघून कुणी हलत नाही, सह्या कशा होतात हे आमदाराला तुमच्यापेक्षा जास्त माहितीये. त्यापेक्षा वीस गावांमधून प्रत्येकी दोन माणसं, ज्यांचं नाव, गाव, फोन लिहिलाय, आणि शक्यतो दोन-तीन ग्रामपंचायतींचे ठराव. ठराव ग्रामसभेतून करून घ्या. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास. कोरम म्हणजे 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते. विषय आधी ग्रामसेवकाकडे लेखी द्या म्हणजे विषयपत्रिकेवर येईल, 'ऐनवेळच्या विषयात' ढकलला की तो शेवटी लोक उठून गेल्यावर येतो.

ग्रामपंचायतीच्या ठरावाला काय किंमत, असं म्हणणाऱ्यांना हेरवाडचं सांगा. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं गाव, मे 2022 मधे त्यांनी विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनी हाच कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. 

शिष्टमंडळात सात-आठ जणांच्यावर माणसं नकोत, त्यात बायका हव्यातच (आपल्या उदाहरणात तर विषयच त्यांचा आहे), आणि एकाच पक्षाची सगळी नकोत. सत्ताधारी आमदाराकडे विरोधी पक्षाचे सगळे कार्यकर्ते घेऊन गेलात तर त्याला ते आंदोलनच वाटणार. बोलणारा एक ठरवा. सगळे बोलले की कुणाचंच ऐकलं जात नाही आणि तेवढ्यात कुणीतरी स्वतःच्या सातबाऱ्याचा विषय काढतोच, त्याला घरूनच ताकीद देऊन न्या.

निवेदन

एक पान. फार तर मागे जोडपत्रं. 'महोदय, आपण आमच्या भागाचे लाडके व कार्यसम्राट' वगैरे तीन ओळी काढून टाका. साधारण असं:

प्रति, मा. आमदार, अमुक विधानसभा मतदारसंघ.
विषय: उपजिल्हा रुग्णालय, अमुक येथील भूलतज्ज्ञाचे रिक्त पद भरणेबाबत.
संदर्भ: जन माहिती अधिकारी यांचे पत्र क्र. ..., दि. ...
वरील रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे मंजूर पद दि. ... पासून रिक्त आहे. मागील आर्थिक वर्षात प्रसूतीचे ... रुग्ण जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावे लागले. अंतर ... किलोमीटर आहे. आपणास विनंती की,
1. पद भरण्याबाबत मा. आरोग्यमंत्री व आरोग्य सेवा आयुक्त यांना पत्र देऊन अहवाल मागवावा.
2. पद भरेपर्यंत आठवड्यातून ठराविक दिवस प्रतिनियुक्तीवर किंवा मानधनावर भूलतज्ज्ञ द्यावा, यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांसोबत बैठक लावावी.
3. येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न द्यावा. मसुदा सोबत जोडला आहे.

बघा, तिन्ही गोष्टी त्याच्या हातातल्या आहेत (तारांकित म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो असा प्रश्न), आणि दुसरी तर आठवड्याभरात होऊ शकणारी आहे. नेहमी एक छोटी, लगेच जमणारी मागणी ठेवा. तिच्यात त्याला यश दिसतं आणि मग मोठीत तो लक्ष घालतो. खाली प्रती कुणाला पाठवल्या ते लिहा, जिल्हा शल्यचिकित्सक, पालकमंत्र्यांचं कार्यालय, विधानपरिषदेचा आमदार. दोन आमदारांकडे एकच कागद आहे हे दोघांना कळलेलं चांगलं असतं, समजलं ना.

पीए हाच खरा माणूस

भेटीची वेळ पीएकडून घ्या, आणि त्याच्याशी नीट बोला. लोक साहेबांपुढे वाकतात आणि पीएवर खेकसतात, मग तो कागद कुठल्या गठ्ठ्यात जाईल ते तोच ठरवतो. साहेबांना चाळीस माणसं एका सकाळी भेटतात, त्यांना संध्याकाळी तुमचा चेहरा आठवणार नाही, पीएला आठवेल. त्याचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर घ्या, निवेदनाची पीडीएफ आणि पत्राचा मसुदा वर्ड फाईलमधे त्याला पाठवा. हो, आमदाराच्या पत्राचा मसुदाही तुम्हीच करून द्यायचा. त्याच्या ऑफिसात टाईप करणारा एक असतो आणि त्याच्यापुढे ढीग असतो.

भेट संपर्क कार्यालयात, गर्दीच्या दिवशी, दहा मिनिटांची मिळणार हे धरून चला. दोन मिनिटांत विषय, मग तीन मागण्या, मग 'यातलं आज काय होईल?' असं स्पष्ट विचारा. तिथल्या तिथे सिव्हिल सर्जनला (म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकाला) फोन लावला तर उत्तम, पण फोनवर खूश होऊन उठू नका, पत्र हवंच. निघताना निवेदनाच्या तुमच्या प्रतीवर सही-शिक्का, तारीख घ्या, पोच नाही तर तुम्ही गेलाच नव्हता असं धरा.

आणि पत्र मिळालं की वाचा! 'सोबतच्या निवेदनावर नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी' असं असेल तर ते पत्र म्हणजे टाळाटाळ आहे, अशी पत्रं रोज शंभर सुटतात आणि समोरच्या ऑफिसात त्यांच्यावर 'उचित कार्यवाहीस्तव' लिहून खालच्या टेबलाला सरकवतात. 'अमुक दिवसांत अहवाल सादर करावा व मला अवगत करावे' अशी ओळ असेल तर त्याला उत्तर द्यावं लागतं. म्हणून मसुदा तुमचा असावा म्हटलं. जावक क्रमांक लिहून घ्या.

अधिवेशन गाठा

वर्षात तीन अधिवेशनं, अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात डिसेंबरच्या सुमारास. तारांकित प्रश्न बरेच आधी द्यावे लागतात त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर धावत गेलात तर ती गाडी सुटलेली असते. महिना-दीड महिना आधी मसुदा पीएकडे पोचलेला हवा. उशीर झालाच तर लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) किंवा औचित्याचा मुद्दा (विषय सभागृहात थोडक्यात मांडणं) होऊ शकतो का ते विचारा, अगदी थोड्या दिवसांत बसतात हे प्रकार.

प्रश्नाचा मसुदा ठरलेल्या साच्यात असतो: 'अमुक रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे पद अमुक महिन्यापासून रिक्त आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्यामुळे गरोदर महिलांना अन्यत्र पाठवावे लागत आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' विधानमंडळाच्या वेबसाईटवर जुने प्रश्न आहेत, आपल्याच विभागाचे चार वाचले की जमतं.

लोकांना वाटतं प्रश्न सभागृहात पुकारला नाही तर वाया गेला. उलट खरी मजा आधीच होते. प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातून जिल्ह्याला माहिती मागवतात, आणि जिल्ह्याच्या ऑफिसात 'एलएक्यू (म्हणजे विधानसभेचा प्रश्न) आलाय' म्हटलं की रात्री आठपर्यंत दिवे चालू असतात. जी फाईल दोन वर्षं हलत नव्हती तिच्यावर दोन दिवसांत टिपणी तयार होते कारण 'कार्यवाही सुरू आहे' असं लिहायला काहीतरी कार्यवाही लागते. मंत्र्याने सभागृहात 'पद भरू' असं सांगितलं तर ते आश्वासन झालं, त्याच्या पाठपुराव्याला आश्वासन समिती असते, तारीख आणि शब्द टिपून ठेवा. याशिवाय विधानमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडेही नागरिकांना आमदारामार्फत अर्ज नेता येतो, हा रस्ता जवळपास कुणी वापरत नाही.

खासदाराचंही असंच. लोकसभेत रोज 20 तारांकित प्रश्न यादीत येतात, तेही चिठ्ठ्यांनी, त्यामुळे त्याच्या नादी न लागता अतारांकित मागा, दिवसाला 230 असतात आणि लेखी उत्तर मिळतं. पैसे मात्र कुणी मागितले तर सरळ उठा. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतले म्हणून डिसेंबर 2005 मधे 11 खासदारांची खासदारकी गेली होती.

पैशाचं काम असेल तर कॅलेंडर बघा

आपलं उदाहरण पदाचं आहे, पण पूल, रस्ता, शाळेची खोली असेल तर वेळ म्हणजेच सगळं. जिल्हा नियोजनचा पुढच्या वर्षाचा आराखडा जानेवारीच्या आसपास ठरतो, राज्याचं बजेट मार्चमधे, त्यामुळे दिवाळीच्या आधी निवेदन आणि इस्टिमेट तयार हवं. इस्टिमेट नसलेलं काम कुठल्याच यादीत बसत नाही, ते संबंधित इंजिनियरकडून आमदाराच्या पत्राने करून घ्यायचं. फेब्रुवारी-मार्चमधे एक वेगळी संधी असते, 31 मार्चच्या आत खर्च न होणारा पैसा दुसरीकडे वळवायचा असतो आणि ज्यांचे कागद तयार त्यांना तो मिळतो. महापालिकेत आयुक्त साधारण जानेवारी-फेब्रुवारीत बजेट मांडतात. पुण्यात तर 2006-07 पासून नागरिकांना बजेटमधे छोटी कामं थेट सुचवता येतात, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. आणि आचारसंहिता लागली की नवीन काही मंजूर होत नाही, ती लागायच्या आधीचे दोन महिने मात्र सगळ्यात फलदायी.

कायदाच बदलायचा असेल तर

हे वेगळं प्रकरण. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप (पक्षाचा मतदानाचा आदेश) निघाला की आमदार पक्षाच्या विरोधात मत देऊ शकत नाही, त्यामुळे 'तुम्ही विरोधात मत द्या' म्हणून त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्याला सांगायचं की पक्षाच्या बैठकीत बोला, समितीत दुरुस्ती सुचवा. आणि वेळ लागतो. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते वर्षानुवर्षं आमदारांना, मंत्र्यांना भेटत राहिले, मसुदे बदलले, आक्षेपांना उत्तरं दिली, आणि दाभोलकरांच्या खुनानंतर ऑगस्ट 2013 मधे अध्यादेश आणि डिसेंबरात कायदा झाला. त्यामानाने हरकती-सूचनांचा रस्ता जवळचा, म्हणजे सरकार एखादा मसुदा जाहीर करून लोकांचं म्हणणं मागवतं तेव्हा ते लेखी द्यायचं. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा 2015 मधे आला तेव्हा नागरिकांच्या आक्षेपांचा इतका मारा झाला की एप्रिलमधे मुख्यमंत्र्यांनी तो रद्दच करायला लावला. मुदतीत, लेखी, आणि स्वतःच्या शब्दांत हरकत द्या, छापील एकच मजकूर हजार जणांनी दिला तर तो एक धरून निकाली काढायचा मोह होतोच.

पाठपुरावा

एक वही करा. तारीख, कुणाला भेटलो, काय म्हणाले, जावक क्रमांक. पंधरा दिवसांनी पीएला फोन, मग ज्या ऑफिसला पत्र गेलं तिथे जाऊन आवक क्रमांक आणि फाईल कुठल्या टेबलवर आहे ते विचारायचं. दप्तर दिरंगाईचा कायदा आहे आपल्याकडे 2005 चा, साधारणपणे एका टेबलवर फाईल 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही असं तो सांगतो, भांडायला नको पण बोलण्यात सहज त्याचा उल्लेख आला तर फरक पडतो. महिना-दोन महिन्यांत काहीच नाही तर तुमच्याच आमदाराच्या पत्रावर काय कार्यवाही झाली याचा आरटीआय टाका. लोकशाही दिन पण असतो, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडे, पण तिथे वैयक्तिक तक्रारी घेतात, सार्वजनिक मागणीला तो रस्ता नाही.

पेपरवाल्यांकडे पहिल्याच दिवशी जाऊ नका. बातमी आधी आली की आमदाराला बचाव करावा लागतो, आणि बचावाला उभा राहिलेला माणूस मदत करत नाही. सगळे दरवाजे वाजवून झाल्यावर, हातात पोच आणि आरटीआयचं उत्तर घेऊन जा, तेव्हा बातमीही चांगली होते. फेसबुक, एक्सवर टॅग करायचं तेही तेव्हाच.

काम झालं तर श्रेय त्याला घेऊ द्या. चौकात बॅनर लागेल, लागू दे, तुमच्या वहीत काय झालं ते आहेच. दोन ओळींचं आभाराचं पत्र पीएकडे द्या, पुढच्या कामाला तोच दरवाजा लागणार आहे. आणि ऑर्डर निघाली म्हणून पेढे वाटू नका, ऑर्डर निघून डॉक्टर रुजूच झाला नाही किंवा महिन्यात बदली करून घेऊन गेला हे नेहमीचं आहे. दवाखान्यात जाऊन हजर झाला का बघा, आणि सहा महिन्यांनी तोच 10 रुपयांचा अर्ज परत टाका, यावेळी विचारायचं की या काळात सिझेरियन किती झाली आणि पुढे किती पाठवल्या.